सरासरी कोणती धरायची?

आकड्यांचा मोठा ढीग एकाच आकड्यात सांगायची वेळ आली की त्या ढिगाच्या मध्याशी बसणारा आकडा शोधावा लागतो. सांख्यिकीत अशा आकड्याला केंद्रीय प्रवृत्तीचे परिमाण म्हणतात. शाळेच्या गणितात ही परिमाणे तीन: मध्य, मध्यक आणि बहुलक. रोजच्या बोलण्यात मात्र तिन्हींना सरसकट ‘सरासरी’ म्हटले जाते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. पावसाची सरासरी, बाजार समितीतला सर्वसाधारण दर, दरडोई उत्पन्न, पीकविम्याचे उंबरठा उत्पादन हे आकडे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात बारा महिने कानावर पडतात. ते सगळे एकाच रीतीने काढलेले नसतात. कोणता आकडा कसा निघाला हे ठाऊक नसेल तर त्यावरून बांधलेला अंदाज फसतो, आणि पीकविम्यासारख्या बाबतीत हक्काच्या पैशांचाही हिशेब लागत नाही.

मध्य सगळ्यांच्या ओळखीचा. सर्व संख्यांची बेरीज करायची आणि संख्या जितक्या असतील तितक्यांनी भागायचे. ही रीत भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) खोदकामाच्या प्रकरणात स्वच्छ सांगितलेली आहे. खोदलेला खड्डा सगळीकडे सारखा नसतो. म्हणून लांबी, रुंदी आणि खोली अनेक ठिकाणी मोजावी, मापांची बेरीज करावी आणि जितक्या ठिकाणी मोजले तितक्यांनी तिला भागावे. ग्रंथातल्या उदाहरणात लांबी तीन ठिकाणी १०, ११ आणि १२ हात भरते, रुंदी ६, ५ आणि ७ हात, खोली २, ४ आणि ३ हात. मध्य निघतात ११, ६ आणि ३. त्यांचा गुणाकार १९८, म्हणून खड्डा १९८ घनहातांचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापला, आणि त्याची नोंद करणारा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे गावी सापडला. ज्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणे आहे, तिच्या दुसऱ्या अंगाला कन्नड तालुका. शेततळ्याची माती मोजताना आजही मुळात हाच हिशेब होतो.

खोदकामाला मध्य चपखल बसतो, कारण तिथे प्रश्न एकूण किती हा असतो. मध्याला संख्यांच्या गणतीने गुणले की मूळची बेरीज परत हाती येते. एका वाड्यातल्या दहा घरांना मिळून महिन्याला किती पाणी लागेल, एका गाडीत पन्नास पोत्यांचे वजन किती भरेल, अशा ठिकाणी मध्याला पर्याय नाही. त्याचा आणखी एक गुण म्हणजे तो प्रत्येक आकड्याची दखल घेतो. मध्याच्या वर असलेल्या आकड्यांची जितकी वाढ, तितकीच खाली असलेल्यांची तूट. दोन्हींची बेरीज नेहमी शून्य. म्हणून मध्याला आकड्यांचा तोल म्हणता येते.

प्रत्येकाची दखल घेणे हेच कधी कधी अडचणीचे ठरते, कारण एखादा अवाढव्य आकडा सगळा तोल आपल्याकडे ओढून घेतो. याचे ठळक उदाहरण छत्रपती संभाजीनगर शहरातच घडले. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र सौदा करून एकाच दिवशी १५० मर्सिडीज बेंझ गाड्या घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता आणि त्याची बातमी देशभर गाजली. पुढच्याच वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात भरली. ६५ कोटींना या लोकसंख्येने भागले तर माणशी साधारण साडेपाचशे रुपये येतात. म्हणजे मध्याच्या भाषेत, तान्ह्या मुलासकट शहरातल्या प्रत्येकाने साडेपाचशे रुपयांची मर्सिडीज घेतली. भागाकारात काडीची चूक नाही. तरीही हा आकडा शहरातल्या एकाही माणसाचे वर्णन करत नाही: दीडशे जणांनी प्रत्येकी ४३ लाखांहून जास्त खर्च केला आणि उरलेल्यांनी एक रुपयाही नाही.

दरडोई उत्पन्नाचा आकडा असाच मिळतो. जिल्ह्याचे एकूण उत्पन्न भागिले लोकसंख्या, इतकाच तो हिशेब. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांचे उत्पादन आणि सोयगाव तालुक्यातल्या कोरडवाहू कपाशीचे उत्पादन एकाच बेरजेत जाते. जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेचा आवाका जोखायला, एका वर्षाची दुसऱ्याशी तुलना करायला हा आकडा उपयोगी पडतो. तिथल्या सामान्य माणसाच्या हाती काय पडते, हे मात्र तो सांगू शकत नाही. त्यासाठी मध्यकाकडे वळावे लागते.

मध्यक काढताना बेरीज लागत नाही, रांग लागते. सर्व संख्या लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावायच्या आणि बरोबर मधोमध येईल ती संख्या घ्यायची. संख्या विषम असतील तर मधली एकच सापडते. सम असतील तर मधल्या दोघींचा मध्य धरतात. मध्यकाच्या अलीकडे निम्मे आकडे, पलीकडे निम्मे. रांगेच्या टोकाचा माणूस दुप्पट श्रीमंत झाला तरी मधला माणूस जागचा हलत नाही, म्हणून मध्यकही हलत नाही. मर्सिडीजच्या उदाहरणात मध्यक शून्य येतो आणि बहुसंख्यांची खरी स्थिती तोच सांगतो.

शेतजमिनीच्या आकड्यांतही दोघांमधला फरक दिसतो. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे १९७०-७१ मध्ये सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ पर्यंत ती १.३४ हेक्टरवर आली. वाटण्या होत गेल्या, खाती वाढली, जमीन तेवढीच राहिली. पण १.३४ हा मध्य आहे, आणि त्यात मोठ्या खातेदारांचे क्षेत्र मिसळलेले आहे. त्याच गणनेत एक हेक्टरच्या आतले अत्यल्पभूधारक निम्म्याच्या आसपास होते. म्हणजे रांगेत मधोमध उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे एक हेक्टरच्या आगेमागेच जमीन असणार. योजना आखणाऱ्याने १.३४ डोळ्यांसमोर ठेवला तर निम्म्याहून जास्त शेतकरी त्या आकड्याच्या खाली राहून जातात.

यावरून मध्यक नेहमीच सरस असेही नाही. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचे कापून-सोलून किती वजन भरेल याची पैज लागली होती. फ्रान्सिस गॉल्टन यांनी ७८७ लोकांचे अंदाज तपासून १९०७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गॉल्टन मध्यकाचे खंदे पुरस्कर्ते. अंदाजांचा मध्यक १२०७ पौंड निघाला आणि प्रत्यक्ष वजन भरले ११९८ पौंड. मध्य होता ११९७, म्हणजे आणखी जवळ. लोक खूप असतील आणि त्यांच्या चुका दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या वाटल्या गेल्या असतील, तर मध्य आणि मध्यक शेजारी शेजारीच येतात. एका बाजूला शेपूट लांबली की दोघांची फारकत होते, आणि मध्य शेपटीच्या दिशेने सरकतो. उत्पन्न, जमीन, घरांच्या किमती या सगळ्यांची शेपूट वरच्या बाजूला लांब असते.

तिसरे परिमाण बहुलक: जी संख्या सर्वांत जास्त वेळा येते ती. वर्गात त्याला सहसा एक-दोन उदाहरणांत उरकतात, पण बाजारात त्याचे वजन मोठे आहे. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या रोजच्या बाजारभाव तक्त्यात आवकेनंतर तीन रकाने असतात: कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. हा सर्वसाधारण दर म्हणजे बहुलकच. ज्या भावाने सर्वांत जास्त माल विकला गेला, तो भाव. जाधववाडीच्या बाजार आवारात किंवा लासूर स्टेशनच्या कांदा बाजारात लिलाव चालतो तेव्हा एकाच सकाळी भाव खालपासून वरपर्यंत पसरतात. उदाहरणादाखल तीनशे क्विंटल आवक धरू. त्यातला १० क्विंटल निवडक कांदा १९०० रुपयांनी गेला, २०० क्विंटल चांगला माल १४०० ने, ६० क्विंटल मध्यम माल १००० ने आणि ३० क्विंटल गोल्टी ३०० ने.

कमाल आणि किमान भावांची बेरीज करून निम्मे केले तर ११०० येतात, पण त्या भावाने एक पोतेही विकले गेलेले नाही. चारही भावांचा साधा मध्य ११५० निघतो. त्यात दहा क्विंटलचा भाव आणि दोनशे क्विंटलचा भाव एकाच तराजूत धरले गेले. खरा हिशेब करायचा तर प्रत्येक भावाला त्या भावाने गेलेल्या मालाने गुणावे लागते: १९,००० अधिक २,८०,००० अधिक ६०,००० अधिक ९,०००, एकूण ३,६८,००० रुपये. त्याला ३०० ने भागले की क्विंटलला सुमारे १२२७ रुपये पडतात. याला भारित मध्य म्हणतात, आणि आवारातली एकूण उलाढाल सांगायची असेल तर हाच आकडा हवा. बहुलक आहे १४००. उद्या चांगला माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला साधारण काय मिळेल, याचे उत्तर १४०० हेच. एखाद-दुसऱ्या वक्कलला लागलेला १९०० चा भाव बातमीचा मथळा होतो आणि गावोगाव अपेक्षा वाढतात. तक्त्यातला तिसरा रकाना वाचणाऱ्याची निराशा पुष्कळ कमी होते.

बहुलकाला संख्याच लागतात असेही नाही. जिल्ह्यात सर्वांत जास्त शेतकरी खरिपात कोणते पीक घेतात, या प्रश्नाला मध्य नाही आणि मध्यकही नाही, कारण कपाशी आणि मका यांची बेरीज करता येत नाही. तिथे बहुलकच कामाला येतो. उलट काही वेळा एकापेक्षा जास्त बहुलक निघतात, काही वेळा एकही नाही. प्राप्तांक वर्गांत बांधले असतील तर मध्यक आणि बहुलक सूत्राने अंदाजे काढावे लागतात. दहावीच्या पुस्तकात ती सूत्रे आहेत. थोड्याशा कललेल्या आकड्यांसाठी कार्ल पिअर्सन यांचा एक ठोकताळाही आहे: मध्यकाच्या तिपटीतून मध्याची दुप्पट वजा केली की बहुलकाचा अंदाज मिळतो. ठोकताळा म्हणूनच तो वापरावा.

तिन्ही परिमाणे एकाच माहितीवर लावून पाहायची तर मराठवाड्याचा पाऊस घ्यावा. विभागाची वार्षिक सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर धरली जाते. हा अनेक वर्षांचा मध्य. हवामान विभाग देशासाठी सध्या १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांचा मध्य वापरतो आणि जून ते सप्टेंबरसाठी तो ८७ सेंटिमीटर आहे. मराठवाड्याचे ६८० मिलिमीटर ३६५ दिवसांत वाटले तर रोजचा मध्य दोन मिलिमीटरच्याही थोडा खाली येतो. पण वर्षातले निम्म्याहून कितीतरी जास्त दिवस कोरडे असतात, म्हणून रोजच्या पावसाचा मध्यक शून्य आणि बहुलकही शून्य. एका महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी नोंदवली जाते. असा एकच दिवस मध्याच्या हिशेबाने महिनाभराचा पाऊस देऊन जातो. ‘सरासरीच्या शंभर टक्के पाऊस’ झालेल्या वर्षातही सोयाबीन शेंगा भरताना वाळू शकते, ते याचमुळे. बेरीज पुरी होते, पण पीक बेरजेवर वाढत नाही, वेळेवर पडलेल्या पाण्यावर वाढते.

पैठणच्या जायकवाडी धरणाचेही असेच. २०१६ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपला होता आणि मृतसाठ्यावर भिस्त होती. त्याच एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. २०१९ च्या पावसाळ्यात नाशिककडच्या पुराने धरणाचा नाथसागर जलाशय भरला आणि गोदावरीत विसर्ग सोडावा लागला. या दोन वर्षांचा मध्य काढला तर अर्धे भरलेले धरण दिसते, आणि ते दोन्हीपैकी एकाही वर्षाचे चित्र नाही. आकडे दोन टोकांना गोळा होत असतील तर त्यांच्यामधला आकडा सांगण्यापेक्षा दोन्ही टोके सांगणे जास्त प्रामाणिक.

मध्याचा आणखी एक गैरवापर असा की त्याला किमान गरज समजले जाते. या मुद्द्यावर सांख्यिकीतल्या एका मोठ्या मराठी माणसाने आग्रहाने लिहिले. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातले बुध हे गाव. १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी यादृच्छिक नमुन्याने शेते निवडून पीककापणी करण्याची पद्धत रुजवली, आणि १९५१ पासून रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे काम पाहिले. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात माणशी रोज २२५० कॅलरींचा निकष होता. तेवढा आहार ज्या खर्चात मिळतो त्याच्या खालचे ते गरीब. सुखात्म्यांचा आक्षेप निकषाच्या जागेवर होता. २२५० ही सरासरी गरज. माणसामाणसाची गरज वेगळी असते, आणि एकाच माणसाचीही दिवसागणिक बदलते. सर्वजण पोटभर जेवत असलेल्या गावातही जवळपास निम्मे लोक सरासरीच्या खाली असणारच. म्हणून रेषा सरासरीवर न ओढता सरासरीतून प्रमाण विचलनाची (आकडे मध्याभोवती किती पसरले आहेत याच्या मापाची) दुप्पट वजा करून ओढावी, असे त्यांनी मांडले. दांडेकरांना ते पटले नाही आणि वाद पुढे बरीच वर्षे चालला. गरिबांची संख्या त्यामुळे कमी दाखवली जाते, असे टीकाकारांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण आकडे मध्याभोवती किती पसरले आहेत हे कळल्याशिवाय मध्यावरून निवाडा करू नये, हा सुखात्म्यांचा मुद्दा टिकून राहिला.

सुखात्म्यांच्या पीककापणीवर आज पीकविमा उभा आहे, आणि मध्याची निवड रुपयांत कशी मोजली जाते ते तिथे उघड दिसते. पंतप्रधान पीकविमा योजनेत भरपाईचा निकष म्हणजे उंबरठा उत्पादन. २०१८ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मागील सात वर्षांपैकी सर्वांत चांगल्या पाच वर्षांचा मध्य घ्यायचा आणि त्याला जोखीमस्तराने, म्हणजे विम्याने हमी दिलेल्या टक्केवारीने, गुणायचे. टोकाचे काही आकडे वगळून काढलेल्या अशा मध्याला छाटलेला मध्य म्हणता येईल. इथे छाटणी फक्त खालच्या बाजूची.

एका मंडळातल्या सोयाबीनचे हेक्टरी उत्पादन सात वर्षांत १४००, १२५०, ३००, १५००, ११००, ६०० आणि १३५० किलो होते असे धरू. सातांचा मध्य १०७१. रांगेत लावले तर मध्यक १२५०. दुष्काळाची दोन वर्षे, ३०० आणि ६०० ची, वगळली तर उरलेल्या पाचांचा मध्य १३२०. जोखीमस्तर ७० टक्के धरला की उंबरठा अनुक्रमे ७५०, ८७५ आणि ९२४ किलो येतो. यंदा मंडळात ८०० किलो पिकले असेल, तर साध्या मध्याने भरपाई शून्य. मध्यकाने ८७५ मध्ये ७५ ची तूट, म्हणजे विमा रकमेच्या साडेआठ टक्क्यांहून थोडी जास्त. पाच वर्षांच्या मध्याने ९२४ मध्ये १२४ ची तूट, म्हणजे १३.४ टक्के. विमा संरक्षण हेक्टरी ५०,००० रुपये असेल तर तेच शेत, तेच पीक आणि तीन निकाल: काहीच नाही, ४,२८६ रुपये, किंवा ६,७१० रुपये. मराठवाड्यात सातांत दोन-तीन वर्षे कोरडी जाणे नवलाचे नाही. तिथे साधा मध्य घेतला असता तर पूर्वीच्या दुष्काळांनीच यंदाचा उंबरठा खाली ओढला असता, म्हणून वाईट वर्षे वगळण्याची ही तरतूद न्यायाची आहे.

तरीही मध्याची एक मर्यादा इथेही उरते. यंदाचे ८०० किलो हे उत्पादन कोणा एकाच्या शेतातले नसते; मंडळातल्या निवडक प्लॉटांवर पीककापणी करून काढलेला तो मध्य असतो. ओढ्याकाठी ज्याचे पीक पूर्ण वाहून गेले त्याचे ० आणि माळावर ज्याला १६०० किलो झाले त्याचे १६००, या दोघांचाही मध्य ८००. मंडळाचा मध्य उंबरठ्याच्या वर राहिला तर शून्यवाल्यालाही या हिशेबाने काही मिळत नाही. विमा घटक जितका लहान, तितका मध्य प्रत्येक शेताच्या जवळ येतो. तालुक्याऐवजी महसूल मंडळ आणि मंडळाऐवजी गाव घटक धरावा, या मागणीमागे हेच गणित आहे. पण घटक लहान केला की पीककापणीचे प्रयोग वाढवावे लागतात, कारण दोन-चार प्लॉटांवरून काढलेला मध्य स्वतःच डळमळीत असतो, आणि ते प्रयोग सुगीच्या मोजक्या दिवसांत कृषी सहायक, तलाठी आणि ग्रामसेवकांनाच करावे लागतात.